जावाचा 'सिक्युरिटी मॅनेजर' गेला. मग आता 'ॲक्सेस डिनाइड' नेमकं कोण म्हणतंय?

१८ मार्च २०२५ ला जावाची २४ वी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत जावाचा एक जुना पहारेकरी कायमचा घरी गेला. त्याचं नाव सिक्युरिटी मॅनेजर. बातमी मोठी झाली नाही, कारण ज्यांना त्याचं नाव माहीत होतं त्यातल्या बहुतेकांनी तो कधी वापरलाच नव्हता. पण ज्या सर्व्हरवर तो चालू होता, तिथे गंमत झाली. टॉमकॅट ९ किंवा १०.१ जुन्याच पद्धतीने, '-सिक्युरिटी' हा पर्याय लावून, जावा २४ वर सुरू करायला गेलात तर तो सुरूच होत नाही. सिक्युरिटी मॅनेजर चालू करणं आता सपोर्टेड नाही, असं सांगून जावा तिथल्या तिथे थांबतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये जावा २५ आली. ही दीर्घ मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती आहे, म्हणजे कंपन्या, बँका, कॉलेजं, सरकारी कामं करणारे ठेकेदार हळूहळू हिच्याकडेच सरकणार. त्यामुळे हा विषय आता कुठे खऱ्या अर्थाने लोकांच्या टेबलावर येतोय.

'मी तर फोन वापरतो, माझा काय संबंध' असं वाटत असेल तर थांबा. तुमच्या फोनमधलं ॲप हे फक्त दर्शनी दुकान असतं. तुम्ही अपलोड केलेला फोटो, फॉर्म, मार्कशीट हे सगळं मागे एखाद्या सर्व्हरच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतं, आणि त्या सर्व्हरवर जावा असण्याची शक्यता बरीच असते. इंजिनिअरिंग करत असाल तर प्रोजेक्टच्या निमित्ताने टॉमकॅट तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवरही येऊन गेला असेल. तिथे 'परवानगी नाही' हा एरर आला की लोक काय करतात, यावर तुमची फाइल किती सुरक्षित आहे हे ठरतं.

आधी फोनवरून समजून घेऊ

ॲन्ड्रॉइडवर तुम्ही नवीन ॲप उघडता आणि ते विचारतं, कॅमेरा वापरू का? ही पद्धत २०१५ च्या ॲन्ड्रॉइड ६ पासूनची. त्याआधी इन्स्टॉल करतानाच सगळ्याला एकदम 'हो' म्हणावं लागायचं. आतून हे कसं चालतं? ॲन्ड्रॉइड प्रत्येक ॲपला लिनक्सचा एक स्वतंत्र यूजर क्रमांक देतं. एका ॲपच्या फाइल दुसऱ्याला दिसत नाहीत, कारण दोघं दोन वेगळ्या खोल्यांत राहतात.

पण एका खोलीच्या आत काय? समजा, तुम्ही एका फोटो एडिटरला लोकेशनची परवानगी दिली. त्या ॲपमध्ये जाहिरात दाखवणारी तिसऱ्याच कंपनीची लायब्ररी आहे. तिच्यासाठी तुम्ही वेगळं 'हो' म्हटलेलं नाही, तरी ती ॲपच्याच परवानगीवर चालते. फोनला फक्त 'कोणतं ॲप' एवढंच कळतं. 'ॲपमधला कोणता कोड' हे कळत नाही.

जावाचा सिक्युरिटी मॅनेजर नेमकं हेच कळून घ्यायचा प्रयत्न करत होता. एकाच प्रोसेसच्या आत, एकाच खोलीत, कोणता कोड काय मागतोय हे पाहून हो किंवा नाही म्हणायचा. (गंमत म्हणजे ॲन्ड्रॉइडमध्येही सिक्युरिटी मॅनेजर नावाचा क्लास आहे, पण तो नावापुरता. तो वापरू नका, असं ॲन्ड्रॉइडचे कागदपत्रच सांगतात.)

तो आला कशासाठी

१९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिचं आकर्षण होतं ॲप्लेट. वेब पेज उघडलं की कुठूनतरी छोटा प्रोग्रॅम येऊन तुमच्या कॉम्प्युटरवर चालायचा. अनोळखी माणसाला घरात घ्यायचं तर कपाटाला कुलूप हवंच. म्हणून सुरुवातीपासूनच सिक्युरिटी मॅनेजर होता. १९९८ च्या जावा १.२ मध्ये त्याला पॉलिसी फाइल मिळाली. कोणत्या ठिकाणाहून आलेल्या कोडला कोणती फाइल वाचता येईल, कोणत्या सर्व्हरशी बोलता येईल, हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं.

सर्व्हरवाल्यांना ही कल्पना उपयोगी पडली. त्या काळात एकाच टॉमकॅटमध्ये चार-पाच गिऱ्हाइकांची ॲप्लिकेशन एकत्र ठेवायची पद्धत होती. एकाच्या कोडने दुसऱ्याच्या फाइल वाचू नयेत म्हणून टॉमकॅटच्या 'कॉन्फ' फोल्डरमध्ये 'कॅटालिना डॉट पॉलिसी' नावाची फाइल असायची. ही तपासणी टॉमकॅटमध्ये मुळात बंद असते. '-सिक्युरिटी' लावून सुरू केलं तरच ती चालू होते. पण लिनक्सच्या काही जुन्या पॅकेजमध्ये ती आधीच चालू करून दिलेली असायची. तिथूनच नवख्यांच्या डोकेदुखीला सुरुवात व्हायची. विंडोजच्या लॅपटॉपवर मस्त चाललेला प्रोजेक्ट लिनक्स सर्व्हरवर टाकला की लॉगमध्ये लांबलचक लाल ओळी, आणि त्यात एक शब्द: ॲक्सेसकंट्रोलएक्सेप्शन.

हा एरर वाचायचा कसा

मी अशा लॉग बऱ्याच वाचल्या आहेत, आणि माझं मत असं की हा एरर जावाच्या सगळ्यात प्रामाणिक एररपैकी एक होता. तो तीन गोष्टी स्पष्ट सांगायचा: कोणत्या प्रकारची परवानगी, कोणत्या वस्तूसाठी, आणि कोणती कृती. फाइलपरमिशन, अमुक फोल्डरमधली अमुक फाइल, 'रीड'. किंवा सॉकेटपरमिशन, डेटाबेसचा पत्ता आणि ३३०६ हा पोर्ट, 'कनेक्ट'. यापेक्षा सोपं काय असतं?

अडचण पुढे यायची. तुम्ही पॉलिसी फाइलमध्ये ती ओळ लिहिता, सर्व्हर रीस्टार्ट करता, आणि तोच एरर पुन्हा येतो. का?

पहिलं कारण अगदी क्षुल्लक. फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ आणि तारा दिला की फक्त त्या फोल्डरमधल्या फाइल. तिरपी रेघ आणि आडवी रेघ दिली की त्याच्या आतले सगळे फोल्डर, अगदी खालपर्यंत. एका चिन्हाचा फरक. अपलोड केलेले फोटो तारखेनुसार उपफोल्डरमध्ये जात असतील आणि तुम्ही तारा दिला असेल, तर 'परवानगी दिली तरी मिळत नाही' असं वाटणारच.

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि तेच या सगळ्या यंत्रणेचं मर्म आहे. जावा फक्त फाइल उघडणाऱ्या शेवटच्या कोडकडे बघत नसे. तो कोड कोणी बोलावला, त्याला कोणी बोलावलं, अशी पूर्ण साखळी वरपर्यंत तपासायचा. साखळीतल्या प्रत्येकाकडे ती परवानगी हवी. आपल्याकडे सरकारी फायलीवर क्लार्क, हेडक्लार्क, साहेब असे सगळ्यांचे शेरे लागतात ना, तसं. एकाचा शेरा नसेल तर फाइल परत. तुम्ही तुमच्या ॲप्लिकेशनला परवानगी दिली, पण मध्ये फोटो लहान करणारी एखादी लायब्ररी होती, ती वेगळ्या फोल्डरमधून लोड झाली होती, आणि तिच्या नावाने काहीच लिहिलेलं नव्हतं. काम अडलं तिच्यापाशी, पण एरर दिसतो तुमच्या नावावर.

यावर उपाय होता. जावा सुरू करताना 'जावा डॉट सिक्युरिटी डॉट डिबग' या सेटिंगला 'ॲक्सेस' आणि 'फेल्युअर' असे दोन शब्द द्यायचे. मग लॉगमध्ये नुसता एरर न येता 'डोमेन दॅट फेल्ड' अशी ओळ यायची आणि तिच्यात नेमकी कोणती जार फाइल अडली ते नाव असायचं. त्या एका जारला तेवढीच परवानगी द्यायची, विषय संपला. आजही जावा ८, ११ किंवा १७ वर सिक्युरिटी मॅनेजर लावलेला सर्व्हर तुमच्या वाट्याला आला तर हीच पद्धत वापरा. लॉग मात्र फुगतो, काम झालं की सेटिंग काढून टाका.

प्रत्यक्षात लोक काय करायचे? 'ऑलपरमिशन'. सगळ्या कोडला सगळं माफ, अशी एक ओळ. एरर गेला, क्लायंट खूश, शुक्रवारची संध्याकाळ वाचली. एका ठिकाणी मी पाहिलेली पॉलिसी फाइल सुमारे दोनशे ओळींची होती. जपून, विचार करून लिहिलेली. तळाशी कुणीतरी नंतर तीन ओळी जोडल्या होत्या आणि त्या तीन ओळींनी वरच्या दोनशे निकामी केल्या होत्या. पहारेकरी दारात उभा होता, पण त्याला सांगून ठेवलं होतं की कोणालाही अडवू नकोस.

मग तो काढला का

जावाच्या टीमने २०२१ मध्ये, जावा १७ च्या वेळी, जाहीर केलं की सिक्युरिटी मॅनेजर काढायचा आहे. तेव्हापासून तो चालू केला की इशारा छापला जायचा. चार वर्षं इशारा येत राहिला आणि चार वर्षं लोकांनी तो स्क्रोल करून पुढे नेला.

त्यांचं म्हणणं मला बऱ्याच अंशी पटतं. ज्या ॲप्लेटसाठी तो बनला, ते मेलं. जानेवारी २०१३ मध्ये ब्राउझरमधल्या जावात इतकं गंभीर भोक सापडलं की अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याने ब्राउझरमधलं जावा बंद करा असा सल्ला दिला. २०१५ मध्ये क्रोमने ते प्लगइन चालवणंच थांबवलं. जावा ११ मधून, म्हणजे २०१८ मध्ये, प्लगइन पूर्ण गेलं. मागे उरला तो सर्व्हरवरचा वापर, आणि तो फार थोड्यांचा. त्या थोड्यांसाठी जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत हजाराच्या वर ठिकाणी 'परवानगी आहे का' हा प्रश्न विचारणारा कोड सांभाळावा लागत होता. प्रत्येक नवीन सुविधा बनवताना त्याचा विचार करायचा. आणि वापरणारे शेवटी ऑलपरमिशन लिहिणार!

पण एक प्रसंग असा आहे की जो आठवला की वाटतं, नुसतं 'जुनं होतं, गेलं' म्हणून सोडून देऊ नये.

डिसेंबर २०२१. लॉगफोरशेल. लॉगफोरजे नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या जावा लायब्ररीत असं भोक सापडलं की चॅटच्या चौकटीत किंवा लॉगिनच्या नावाच्या जागी एक विशिष्ट मजकूर टाकला तरी समोरच्या सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता. अनेक कंपन्यांच्या टीम रात्रभर जागल्या. इलॅस्टिकसर्च हे शोध घेणारं सॉफ्टवेअर तीच लायब्ररी वापरत होतं. पण त्याच्या ६ आणि ७ या मालिकांवर बाहेरचा कोड चालवता येत नव्हता, आणि कंपनीने त्याचं कारण दिलं: जावा सिक्युरिटी मॅनेजर. भोक होतं, चोर दारापर्यंत आला होता, पण लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीला बाहेरून कोड आणून चालवायची परवानगीच नव्हती. गंमत बघा, हे घडलं त्याच वर्षी, ज्या वर्षी त्याला काढायचं ठरलं.

म्हणजे ज्यांनी तो नीट वापरला त्यांना त्याने वाचवलं. फक्त ते फार थोडे होते. इलॅस्टिकसर्चने मग हात झटकले नाहीत, ८.१८ आणि ९.० पासून त्यांनी 'एन्टायटलमेंट' नावाची स्वतःची पर्यायी यंत्रणा आणली. त्यांच्यातूनच फुटून निघालेल्या ओपनसर्चने २०२५ च्या ३.० आवृत्तीत जावा एजंटचा मार्ग घेतला. मोठ्या टीमना हे परवडतं. टॉमकॅटवर चार पानांचं पोर्टल चालवणाऱ्याला नाही. आणि टॉमकॅटने स्वतः ११ व्या आवृत्तीतून, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून, सिक्युरिटी मॅनेजरचा सपोर्ट काढूनच टाकला.

पहारेकरी गेला, एरर मात्र आहेच

आता मुद्द्याची गोष्ट. सिक्युरिटी मॅनेजर गेल्यावर 'परवानगी नाही' हा एरर संपला, असं समजू नका. नाही म्हणणारा बदलला. आधी जावा म्हणायचं, आता ऑपरेटिंग सिस्टीम म्हणते, किंवा टॉमकॅट स्वतः म्हणतो. कोण म्हणतंय हे न ओळखता उपाय केला की वेळही जातो आणि दार उगाच सताड उघडं राहतं.

लॉगमधले शब्द नीट वाचले तर बहुतेक वेळा कळतं. जावा १७ च्या आसपासच्या सर्व्हरवर ॲक्सेसकंट्रोलएक्सेप्शन दिसलं तर पॉलिसी फाइल बघा. जावा २४ किंवा २५ वर तेच दिसलं तर पॉलिसी फाइलमध्ये कितीही ओळी लिहा, उपयोग शून्य. तिथे बहुधा कुठल्यातरी जुन्या कोडने ॲक्सेसकंट्रोलर या क्लासला थेट 'तपास' म्हणून विचारलेलं असतं, आणि नव्या जावात त्या प्रश्नाचं उत्तर कायम 'नाही' असंच आहे. तसंच जुन्या कोडने स्वतःहून सिक्युरिटी मॅनेजर बसवायचा प्रयत्न केला तर 'अनसपोर्टेड ऑपरेशन' येतं. दोन्हीला उपाय एकच: ती लायब्ररी अपडेट करा किंवा तो कोड बदला.

'परमिशन डिनाइड' असं कंसात दिसलं, तर तो लिनक्सचा साधा नकार. टॉमकॅट सहसा 'टॉमकॅट' नावाच्या यूजरने चालतो, तुमच्या नावाने नाही. तुम्ही टर्मिनलमधून फाइल उघडून पाहता, उघडते. टॉमकॅटला उघडत नाही. इथे लोक फक्त शेवटची फाइल तपासतात. पण वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून आत जायची परवानगी लागते. उबुंटूने २१.०४ पासून नवीन यूजरचा होम फोल्डर इतरांसाठी बंद केला. त्यामुळे अपलोड फोल्डर तुमच्या होममध्ये ठेवला असेल, तर आतल्या फाइलचे हक्क कितीही मोकळे करा, टॉमकॅट दारातच अडतो. 'नेमआय -एल' ही कमांड पूर्ण पत्ता दिला की वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचा मालक आणि हक्क एकाखाली एक दाखवते. मला ही फार आवडते, आणि ती फार थोड्यांना माहीत असते.

आता सगळ्यात फसवा प्रकार. लॉगमध्ये 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' असं येतं. माणूस घाबरतो, डिस्क खराब झाली की काय. टर्मिनलमधून त्याच फोल्डरमध्ये फाइल बनवून बघतो तर बनते. फोल्डरचा मालक टॉमकॅट आहे, हक्क बरोबर आहेत. शेवटी वैतागून ७७७ करतो, म्हणजे जगातल्या कोणालाही लिहायची मुभा. तरी तोच एरर!

इथे नाही म्हणणारा आहे सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा मुख्य प्रोग्रॅम. डेबियन आणि उबुंटूच्या टॉमकॅट ९ पॅकेजमध्ये सर्व्हिस फाइलमध्येच लिहिलेलं असतं की या सर्व्हिससाठी जवळपास पूर्ण डिस्क फक्त वाचण्यापुरती; लिहायची मुभा टॉमकॅटच्या स्वतःच्या दोन-चार फोल्डरमध्ये, लॉग, वेबॲप्स वगैरे. म्हणजे टॉमकॅटला डिस्कच वेगळी दिसते. तुम्हाला दिसणारी नाही. उपाय सोपा आहे: 'सिस्टमसीटीएल एडिट' करून सर्व्हिस या भागात 'रीडराइटपाथ्स' या नावाने तुमच्या अपलोड फोल्डरचा पत्ता द्या आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. फोल्डर आधी बनवलेला असू द्या, नाहीतर सर्व्हिस सुरूच होणार नाही आणि स्टेटसमध्ये २२६ हा आकडा दिसेल. आणि हो, मघाशी केलेलं ७७७ परत काढा. हे मुद्दाम सांगतोय, कारण उपाय सापडल्यावर आधीचे निरुपयोगी उपाय मागे घ्यायला कोणी जात नाही. सर्व्हरवरची निम्मी भोकं अशीच तयार होतात, असा माझा अंदाज आहे.

रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर आणखी एक पहारेकरी असतो, एसईलिनक्स. सगळे हक्क बरोबर असून 'परमिशन डिनाइड' येत असेल तर ऑडिट लॉगमध्ये 'एव्हीसी डिनाइड' शोधा. त्याला कायमचा बंद करा असा सल्ला नेटवर पावलोपावली मिळेल. नका करू. तो ऑलपरमिशनचाच भाऊ आहे.

राहिला टॉमकॅटचा स्वतःचा नकार, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारा ४०३. मॅनेजर पान उघडताना तो हमखास येतो. दोन वेगळी कुलपं आहेत: यूजरला 'मॅनेजर-गुई' ही भूमिका हवी, आणि ब्राउझर त्याच मशिनवर चालत असायला हवा, कारण मॅनेजर बाहेरून उघडू नये असं मुळातच ठरवलेलं असतं. एररचं पान स्वतःच या दोन्ही गोष्टी सांगतं, पण वाचतो कोण. दुसरं कुलूप सगळ्या जगासाठी उघडण्यापेक्षा एसएसएच टनेल करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

मार्च २०२५ मध्येच आणखी एक गोष्ट घडली

जावा २४ येण्याच्या आठवडाभर आधी, १० मार्चला, टॉमकॅटमधलं एक गंभीर भोक जाहीर झालं. नंबर सीव्हीई-२०२५-२४८१३. काही दिवसांत त्यावर हल्ले सुरू झाले आणि १ एप्रिलला अमेरिकेच्या सीसा या संस्थेने ते 'प्रत्यक्ष वापरात असलेल्या' भोकांच्या यादीत घातलं.

यात कोड चालवून घेण्यासाठी चार गोष्टी एकत्र जुळाव्या लागत होत्या. टॉमकॅटच्या डिफॉल्ट सर्व्हलेटला फाइल लिहायची मुभा, तुकड्या-तुकड्याने अपलोडची सोय, सेशन फाइलमध्ये ठेवायची व्यवस्था नेहमीच्या जागी, आणि हल्ल्याला उपयोगी पडेल अशी एखादी जुनी लायब्ररी. यातली पहिली गोष्ट टॉमकॅट मुळात बंद ठेवतो. म्हणजे कुणीतरी कधीतरी ती हाताने चालू केलेली असली पाहिजे. का केली असेल? बहुधा अपलोड करताना एरर येत होता म्हणून! ९.०.९९, १०.१.३५ आणि ११.०.३ मध्ये हे भोक बुजवलं आहे. तुमचा टॉमकॅट याच्या आधीचा असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो अपडेट करा.

आता जुना सिक्युरिटी मॅनेजर असता तर हे अडलं असतं का? पॉलिसी घट्ट असती तर कदाचित घुसलेल्या कोडला पुढे फार काही करता आलं नसतं. पण ते 'असती तर' फार मोठं आहे.

जुनी पॉलिसी फाइल फेकू नका

ज्यांच्याकडे जुना, सिक्युरिटी मॅनेजर लावलेला सर्व्हर आहे आणि जावा २५ वर जायचं आहे, त्यांच्यासाठी सगळ्यात सोपा रस्ता दिसतो तो असा: '-सिक्युरिटी' हा शब्द काढा, सर्व्हर चालू होतो. खरंच होतो. एकही एरर येत नाही. आणि तीच भीतीची गोष्ट आहे, कारण काल ज्या कोडला तीन फोल्डर आणि एक डेटाबेस एवढंच दिसत होतं, त्याला आज टॉमकॅट यूजरला दिसतं ते सगळं दिसतं, आणि लॉगमध्ये याची एक ओळही येत नाही.

मी काय करतो ते सांगतो. जुनी पॉलिसी फाइल उघडतो आणि एकेक ओळ वाचतो. कोणीतरी बसून लिहून ठेवलेलं असतं की या ॲप्लिकेशनला नेमकं काय लागतं. एवढी चांगली यादी पुन्हा फुकट मिळणार नाही. फाइलपरमिशनच्या ओळींवरून सिस्टमडीची रीडराइटपाथ्सची यादी बनते. सॉकेटपरमिशनच्या ओळींवरून फायरवॉलचे नियम, किंवा सिस्टमडीचंच 'आयपीॲड्रेसअलाउ'. इथे एक अडचण आहे: पॉलिसीत सर्व्हरचं नाव लिहिता यायचं, सिस्टमडीला आकड्यातला आयपी पत्ताच लागतो. डेटाबेसचा पत्ता बदलत असेल तर दुसरा मार्ग बघावा लागतो.

काही ओळींना बाहेर जागाच नसते. उदाहरणार्थ 'एक्झिटव्हीएम'. एखाद्या ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये कुणी 'सिस्टीम डॉट एक्झिट' लिहिलं तर पूर्ण टॉमकॅट बंद पडतो, त्यातल्या बाकी सगळ्या ॲप्लिकेशनसकट. आधी ही परवानगी न देऊन ते अडवता यायचं. ऑपरेटिंग सिस्टीमला मात्र ती स्वतःच्या मर्जीने बंद झालेली प्रोसेस वाटते. सिक्युरिटी मॅनेजर बंद करणाऱ्या प्रस्तावातच यासाठी एक छोटा जावा एजंट कसा लिहायचा याचं उदाहरण दिलं आहे, ते वापरता येतं.

आणि कोणत्या कोडला काय, हा भेद तर बाहेरून करताच येत नाही. लिनक्सला एक प्रोसेस दिसते, तिच्या आतल्या साठ जार फाइल दिसत नाहीत. म्हणून एकाच टॉमकॅटमध्ये दोन वेगळ्या लोकांची ॲप्लिकेशन ठेवायची पद्धत आता खरोखर सोडायला हवी. प्रत्येकाला वेगळा टॉमकॅट, वेगळा यूजर किंवा वेगळा कंटेनर. फोनवर ॲन्ड्रॉइड हेच करतं, दर ॲपला वेगळी खोली. मेमरी जास्त लागते, हे खरं आहे. २ जीबीच्या स्वस्त सर्व्हरवर पाच टॉमकॅट बसवायचे म्हटलं की हिशोब करावा लागतो आणि काही वेळा गिऱ्हाइकाला जास्त भाडं सांगावं लागतं. ते आधीच सांगून टाका, कारण दोन गिऱ्हाइकांना एका खोलीत ठेवून त्यांच्यामध्ये पडदा लावणारा जो होता, तो जावा २४ पासून नाही.